तळाची हद्द आखली. माणसांची वस्ती कोण आखणार?

लष्करी तळ कधीही एकटा येत नाही. तळाबरोबर सैनिक येतात, सैनिकांबरोबर त्यांची कुटुंबे येतात, आणि या दोहोंच्या पाठोपाठ हमाल, सफाई कामगार, गवंडी, धोबी, स्वयंपाकी, बागकाम करणारा, दारूगोळ्याच्या पेट्या उचलणारा आणि पेट्या उचलणाऱ्याची बायकोमुले अशी तिसरी प्रजा येते. पहिल्या दोन प्रजांची गणती सरकारी कागदावर होते. त्यांच्यासाठी निवासस्थाने, रुग्णालय व शाळा यांचा आराखडा आधी तयार होतो आणि मग तळ वाढतो. तिसऱ्या प्रजेची गणती मात्र एकदाच होते. तिला तेथून उठवावयाचे असते त्या दिवशी. त्या दिवशी तिला 'अतिक्रमण' असे नाव मिळते.

या तिसऱ्या प्रजेत आपला समाज किती आहे, हे कोणाला पाहावयाचे असेल तर त्याने देहूरोड, खडकी, कामठी किंवा देवळाली येथील तारेच्या कुंपणालगतच्या वस्त्यांतून एक फेरी मारावी. कोणत्या घरावर निळा झेंडा आहे, कोणत्या चौथऱ्यावर बुद्धमूर्ती आहे आणि कोणत्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे, हे त्याला आपोआप दिसेल. म्हणून लष्करी तळाभोवतालच्या लोकवस्तीचे नियोजन हा केवळ अभियंत्यांचा व सनदी अधिकाऱ्यांचा प्रश्न नव्हे. तो आपल्या घराचा, आपल्या विहाराचा आणि आपल्या मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे.

काही नवदीक्षित बंधू विचारतील की धम्माच्या पाक्षिकात नकाशांची आणि आराखड्यांची चर्चा कशाला? त्यांना आमचे उत्तर असे की बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म हा डोळे मिटून परलोकाची वाट पाहण्याचा धर्म नव्हे. माणसाने माणसाशी कसे वागावे, याची ती व्यवस्था आहे. ज्या नकाशात एका माणसाच्या घराला जागा आहे आणि त्याच्या शेजारी राबणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या घराला जागा नाही, तो नकाशा अधम्माचा आहे. गावाच्या बाहेर वाडा ठेवणारी जी बुद्धी होती, तीच बुद्धी तळाच्या बाहेर झोपडी ठेवते. हत्यार तेवढे बदलले. पूर्वी रूढी होती, आता नकाशा आहे.

छावणीने आपल्याला काय दिले आणि काय दिले नाही

छावणीविषयी बोलताना कृतघ्न होण्याचे कारण नाही. गावात महार म्हणून जन्मलेल्या माणसाला वतन होते. पण ते वतन म्हणजे बावन्न हक्कांच्या नावाखाली केलेली पिढीजात वेठबिगार होती. त्या वेठबिगारीतून बाहेर पडण्याची पहिली मोठी वाट छावणीने उघडली. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपले पूर्वज भरती झाले. तेथे त्यांना पगार मिळाला, गणवेश मिळाला आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अक्षर मिळाले. पलटणीच्या शाळेतून मुलगेच नव्हे, तर मुलीही शिकल्या.

आपल्या चळवळीच्या आद्य पुरुषांची गावे आठवून पाहा. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त लष्करी शिपाई होते आणि दापोलीच्या निवृत्त सैनिकांच्या वसाहतीतून त्यांनी लेखणी चालविली. १८९० नंतर महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा १९१० साली भारतमंत्र्याकडे त्याविरुद्ध अर्ज धाडणारे शिवराम जानबा कांबळे पुण्याचे होते. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते बाबू हरदास कामठीचे होते. आणि सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक असताना, त्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या मुलाचे नाव चढले. बेळगावला १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बाबासाहेबांच्या खटपटीमुळे.

छावणीने आपल्याला भाकरी दिली, पुस्तक दिले आणि ताठ मान दिली. पण एक गोष्ट तिने कधीही दिली नाही. ती म्हणजे जमीन. छावणीतील जमीन सरकारची. तिच्यावरील बंगला कोणाच्या तरी मेहेरबानीचा, बाजारातील गाळा भाडेपट्ट्याचा आणि कामगाराची खोली तर कोणत्याच कागदावर नसलेली. गावात महारवतनाची जमीन तरी नावावर होती. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याच्या कायद्याने वतनाची बेडी तुटली. ज्यांनी ठरलेली रक्कम भरून जमिनी पुन्हा आपल्या नावावर करून घेतल्या, त्यांची पुढची पिढी कशीबशी उभी राहिली. परंतु जे बेडी तोडण्यासाठी आधीच गाव सोडून छावणीच्या आसऱ्याला गेले होते, त्यांच्या हाती ना गावची जमीन राहिली, ना छावणीची आली. स्वाभिमानासाठी गाव सोडणाऱ्यालाच आज 'तू येथे कोणत्या हक्काने राहतोस?' असे विचारले जाते. याहून मोठा अन्याय कोणता?

देहूरोडची साक्ष

देहूरोडचे नाव माहीत नाही असे बौद्ध कुटुंब महाराष्ट्रात नसेल. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची तेथे स्वहस्ते प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा अजून दोन वर्षे अवकाश होता. कार्ले, भाजे, बेडसे आणि शेलारवाडी येथील लेणी ज्या मावळात आहेत, त्या मावळाच्या तोंडाशी शेकडो वर्षांनंतर बुद्ध पुन्हा आला; आणि आला कोठे, तर लष्करी दारूगोळ्याच्या कोठारात राबणाऱ्या कामगारांच्या वस्तीत. हा योगायोग नव्हे. जेथे आपली माणसे घाम गाळीत होती, तेथेच बाबासाहेब मूर्ती घेऊन गेले.

आता त्याच देहूरोडच्या परिसराचा नकाशा पाहा. दारूगोळ्याच्या कोठाराभोवती किती अंतरापर्यंत बांधकाम करू नये, याचा कायदा १९०३ सालचा आहे. या संरक्षण बांधकामे कायद्यात दोन हजार यार्ड, एक हजार यार्ड आणि पाचशे यार्ड अशी तीन अंतरे सांगितली आहेत. २००२ साली देहूरोडच्या कोठारासाठी यांपैकी सर्वांत मोठे अंतर, म्हणजे दोन हजार यार्ड, सुमारे अठराशे तीस मीटर, लागू करण्यात आले. लोकांच्या तोंडी याला 'रेड झोन' असे नाव पडले. किन्हई, चिंचोली, तळवडे, रुपीनगर, चिखली, यमुनानगर, निगडी या भागांतील घरांच्या छपरांवरून ती न दिसणारी रेषा गेली.

आमचा प्रश्न रेषेला नाही. स्फोटके ही स्फोटके आहेत. ती जात पाहत नाहीत आणि मतपेटीही पाहत नाहीत. आमचा प्रश्न वेळेला आहे. कायदा १९०३ चा, कोठार महायुद्धाच्या काळापासून वाढत आलेले, शेजारी पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी १९६० नंतर झपाट्याने फुगत गेली, आणि रेषा उमटली २००२ साली! मधल्या चाळीस वर्षांत नियोजन नावाचे खाते काय करीत होते? कारखाने येणार, कोठार वाढणार, कामगार येणार आणि त्यांना घरे लागणार, हे कळण्यासाठी ज्योतिषी लागत नव्हता. परंतु घरे कोठे व्हावीत, हे सांगण्यास कोणी पुढे आले नाही. पुढे आला तो गुंठ्यांचा व्यापारी. त्याने शेतकऱ्याकडून एकराने जमीन घेतली, तिचे तुकडे पाडले आणि मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून गुंठा, अर्धा गुंठा विकला. विकत घेणारे कोण? सातारा, सांगली, सोलापूर, बीड आणि लातूर येथून कामासाठी आलेली माणसे. रेषेच्या आत जागा स्वस्त होती. ती स्वस्त का आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक होते; घेणाऱ्याला नव्हते.

आणि ज्याला सर्व ठाऊक असावयास हवे होते, त्या नगरसंस्थेने तरी काय केले? २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने निगडीच्या सेक्टर २२ मध्ये झोपडपट्टीवासीयांसाठी उंच इमारती उभ्या केल्या. त्यांतील अनेक इमारती याच प्रतिबंधित क्षेत्रात येत होत्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि काम थांबले. लोकांच्या पैशाने उभे केलेले सांगाडे वर्षानुवर्षे ओस पडून राहिले आणि ज्यांच्यासाठी ते बांधले, ती कुटुंबे पत्र्याखालीच राहिली. एका गरीब कामगाराने रेषेच्या आत दोन खोल्या बांधल्या तर ते अतिक्रमण. महानगरपालिकेने रेषेच्या आत इमारतींच्या रांगा बांधल्या तर ती तांत्रिक अडचण! शब्दांचा हा भेद कोणत्या शब्दकोशातून आला, हे आम्हांस कोणी सांगेल काय?

धोका कोणाच्या वाट्याला?

दारूगोळ्याचा धोका काल्पनिक नाही, हे वर्धा जिल्ह्यातील पुलगावने दोन वेळा दाखवून दिले. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथील मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली आणि ती विझविताना लष्करी अधिकारी, जवान व अग्निशामक दलाचे कर्मचारी प्राणास मुकले. त्या शूरांना आमचे वंदन आहे. पण २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पुन्हा स्फोट झाला. त्यात सहा माणसे मृत्यू पावली आणि त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतील रोजंदारीवर आलेले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत स्फोट झाला, त्यातही आठ कामगार गेले.

येथे थोडे थांबून विचार करा. ज्या गावकऱ्याने स्फोटकांपासून अठराशे मीटर दूर राहावे असा कायदा सांगतो, त्याच गावकऱ्याला दिवसाच्या मजुरीवर त्या स्फोटकांच्या पेट्या उतरवावयास बोलावले जाते. रात्री झोपण्यासाठी तो धोकादायक क्षेत्रात आहे, म्हणून त्याचे घर बेकायदा. दिवसा राबण्यासाठी तो त्या क्षेत्राच्या गाभ्यात आहे आणि त्याची मजुरी मात्र कायदेशीर! त्याचे हात तळाला हवेत, त्याचे बिऱ्हाड नको. अस्पृश्यतेचा सारा इतिहास याच एका वाक्यात सामावलेला नाही काय? गावालाही आपले हातच हवे होते. मेलेले ढोर ओढण्यास आपले हात हवेत, पाणवठ्यावर आपला घडा नको.

तीन सबबी आणि त्यांची उत्तरे

या प्रश्नावर तीन सबबी नेहमी पुढे केल्या जातात. त्यांचा समाचार घेणे अवश्य आहे.

पहिली सबब देशाच्या संरक्षणाची. 'देश आधी, तुमच्या झोपड्या नंतर' असे म्हणणारे गृहस्थ स्वतः बहुधा कुंपणापासून वीस मैलांवर राहतात. देशासाठी रक्त सांडण्याचे धडे आपल्याला कोणी देऊ नयेत. सातारा जिल्ह्यात सैनिक नसलेले गाव शोधूनही सापडणे कठीण. आमचे म्हणणे साधे आहे. तळाला जमीन हवी असेल तर घ्यावी, सुरक्षित अंतर हवे असेल तर राखावे. पण त्या अंतराची किंमत सर्व देशाने द्यावी. ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे, त्याच्या एकट्याच्या खिशातून ती वसूल करू नये. १९०३ च्या कायद्यातही नुकसानभरपाईची तरतूद आहे. परंतु भरपाई हितसंबंध सिद्ध करणाऱ्याला मिळते आणि हितसंबंध कागदाने सिद्ध होतो. ज्याला आपण पिढ्यान् पिढ्या कागद मिळू दिला नाही, त्याला 'कागद आण' असे सांगणे हा न्याय नव्हे, ती चेष्टा आहे.

दुसरी सबब निवडणुकीची आहे. दर निवडणुकीत कोणी तरी कैवारी वस्तीत येतो आणि 'रेड झोन हटवू, हद्द कमी करून आणू' असे आश्वासन देऊन जातो. त्याच्या भरवशावर लोक वरचा मजला चढवितात. बंधूंनो, हद्द कमी करणे म्हणजे कागदावरची रेषा कोठाराजवळ सरकविणे. स्फोटके तेथेच राहतात. जो पुढारी तुम्हाला धोक्याच्या आत राहण्याचा परवाना आणून देतो, तो तुमचा मित्र नव्हे. मित्र तो, जो म्हणेल की कोठार येथून हलवा, अथवा माणसांना कामाच्या जवळ, पक्क्या हक्काने, दुसरे घर द्या. या दोहोंवाचून तिसरा प्रामाणिक मार्ग नाही.

तिसरी सबब नवी आहे आणि ती सर्वांत कावेबाज आहे. छावणी मंडळांचा नागरी भाग शेजारच्या नगरपालिकेत विलीन झाला की सर्व प्रश्न सुटतील, असे सांगितले जाते. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशी सात छावणी मंडळे आहेत. २०२३ साली हिमाचल प्रदेशातील योल छावणीपासून या विलीनीकरणाला आरंभ झाला. राज्याच्या कल्याणकारी योजना छावणीतील नागरिकांना मिळत नाहीत, त्या मिळाव्यात, असे कारण त्या वेळी शासनाने स्वतःच दिले. हे कारण खरे आहे आणि म्हणून विलीनीकरणाला आमचा विरोध नाही. परंतु केंद्र शासनाने २०२४ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे नीट वाचा. रस्ते, दिवे, पाणीपुरवठा यांसारख्या नागरी सोयींची मालमत्ता राज्याकडे किंवा नगरसंस्थेकडे विनामूल्य जाईल, असे त्यांत आहे. आणि जमिनीची मालकी? जेथे जेथे लागू असेल तेथे ती केंद्राकडेच राहील, असेही त्यांतच आहे. म्हणजे घरपट्टी घेणारा बदलेल, पण घर नावावर होणार नाही. मालक दिल्लीत, कर घेणारा पालिकेत आणि भाडेकरू जन्मोजन्मीचा!

शिवाय हे बोलणार कोण? २००६ च्या छावणी कायद्याप्रमाणे मंडळात निम्मे सभासद लोकांनी निवडून द्यावयाचे असतात. अध्यक्ष मात्र तळाचा लष्करी अधिकारी. त्या निम्म्या जागांसाठीही ३० एप्रिल २०२३ रोजी ठरलेल्या निवडणुका ऐन वेळी रद्द करण्यात आल्या. ज्या काळात लोकांच्या घरांचे भवितव्य ठरते आहे, नेमक्या त्याच काळात त्यांचा निवडलेला प्रतिनिधी सभागृहात नाही. बाबासाहेबांनी आपल्या हाती मताचा अधिकार दिला तो तसबिरीत लावून ठेवण्यासाठी नव्हे.

हा प्रश्न केवळ आपल्या देशातला आहे असेही नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर अमेरिकेच्या लष्कराने १९४५ नंतर लोकांची गावे व शेते घेऊन तळ उभारले. मुख्य बेटाचा सुमारे सातवा हिस्सा आजही तळांखाली आहे. गिनोवान शहराच्या मधोमध फुतेन्माचा विमानतळ असून भोवती घरे, शाळा आणि विद्यापीठ दाटीने वसले आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी एक लष्करी हेलिकॉप्टर त्या विद्यापीठाच्या इमारतीवर कोसळले. तेथेही म्हणणारे म्हणतात की लोक तळाजवळ राहावयास आलेच का? तेथील लोकांचे उत्तर आपणही पाठ करावे: तळ आमच्या जमिनीवर आला, आम्ही तळावर गेलो नाही. आपले उत्तर त्याहून थोडे वेगळे आणि तितकेच खरे आहे. आपण गेलो, कारण आपल्याला कामाला बोलावले.

माधवनगरकरांनी हे का वाचावे?

माधवनगर, बुधगाव, कुपवाड येथील वाचक म्हणतील की आमच्याकडे ना कोठार, ना रेड झोन. पण पुणे-मिरज लोहमार्ग आपल्या उशाशी आहे. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी निघालेली भीमराव आणि त्यांची भावंडे याच मार्गावरील मसूर स्थानकावर उतरली होती, आणि जात कळताच गाडीवानांनी त्यांना नेण्यास नकार दिला होता. आज आपली मुले त्याच मार्गाने पुण्याला जातात आणि तेथून तळवडे, चिखली, चाकण, देहूरोडकडे कामाला लागतात. आता गाडीवाला नाकारीत नाही. आता नकाशा नाकारतो. चार-पाच वर्षे खोलीचे भाडे भरून कंटाळलेला मुलगा गावाकडे निरोप धाडतो की एक गुंठा स्वस्तात मिळतो आहे, आईचे दागिने मोडू या. त्या क्षणी त्या घरात कोणी तरी हा लेख वाचलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.

दुसरे असे की माधवनगर हे पेठेचे आणि गिरणीचे गाव आहे. मोठे काम माणसे बोलावते आणि त्यांच्या घराचा विचार करीत नाही, हे तळाचे दुःख गिरणीच्या गावाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. भोंगा वाजतो तोवर कामगार हवा असतो. भोंगा थांबला की तो नकोसा होतो. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९९८ साली झाली. शहर वेशीबाहेर वाढते आहे. उद्या आपल्या गावांचा आराखडा होईल, तेव्हा त्यात आपली वस्ती कोणत्या रंगाने दाखविली जाते, हे आपण पाहणार की नंतर मोर्चा काढणार?

आमच्या मागण्या

म्हणून आम्ही शासनापुढे पुढील मागण्या निःसंदिग्ध शब्दांत मांडतो.

एक. कोणताही लष्करी तळ, कोठार किंवा गोळीबाराचे मैदान वाढविण्यापूर्वी भोवतालच्या सर्व माणसांची गणती व्हावी. त्यात भाडेकरू, कंत्राटी कामगार, भूमिहीन आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रिया यांचाही समावेश असावा आणि यादी ग्रामपंचायतीत लावली जावी. अहिल्यानगरच्या के. के. रेंजच्या विस्ताराची टांगती तलवार राहुरी, पारनेर व नगर तालुक्यांतील गावांवर वर्षानुवर्षे लटकत राहिली, तशी पाळी कोणावर येऊ नये.

दोन. धोक्याची हद्द जमिनीवर दगड रोवून दाखवावी आणि सातबाऱ्यावर तिची नोंद व्हावी. ही नोंद असताना तुकडे पाडून विकणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि फसलेल्या खरेदीदाराचे पैसे त्याच्याकडून वसूल व्हावेत.

तीन. हद्दीच्या आत राहणाऱ्यास कामाच्या ठिकाणापासून जवळ पर्यायी घर मिळाल्यावाचून त्याचे घर पाडू नये. ते घर पती-पत्नी दोघांच्या नावे असावे.

चार. छावणी विलीन करण्यापूर्वी तेथे निवडणुका व्हाव्यात. नागरी वस्त्यांना, विशेषतः कामगार वस्त्यांना, राहत्या जागेचा मालकी हक्क मिळावा आणि शाळा, दवाखाना, विहार व स्मशानभूमी यांच्या जागा आराखड्यात राखून ठेवाव्यात.

पाच. कोठारात राबणाऱ्या रोजंदार मजुरास प्रशिक्षण, विमा आणि कायमस्वरूपी कामाचा हक्क मिळावा.

आपण काय करावे?

मागण्या करून घरी बसणे हे बाबासाहेबांच्या अनुयायास शोभत नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर लोकांना हरकती व सूचना देण्यासाठी मुदत असते. महिनाभराची ही मुदत बिल्डर विसरत नाही. त्याचा वकील पहिल्याच दिवशी नकाशाची प्रत घेऊन जातो. आपण त्या महिन्यात काय करतो? मसुदा मराठीत असतो, नकाशा पाहण्यासाठी खुला असतो. परंतु वस्तीतून कोणी जात नाही. पुढे यंत्र घेऊन माणसे येतात, तेव्हा आपण टाहो फोडतो.

म्हणून प्रत्येक विहारात तीन-चार शिकलेल्या तरुण-तरुणींची एक समिती असावी. तिने गावाचा आराखडा आणून भिंतीवर लावावा आणि रविवारी वंदनेनंतर तो वाचून दाखवावा. प्रत्येक घराचे कागद, म्हणजे करपावती, वीजबिल, मतदार यादीतील नाव, मुलांच्या शाळेचा दाखला, एका पिशवीत नीट ठेवावेत. एखाद्या दिवशी हीच पिशवी तुमचा हितसंबंध सिद्ध करील. जागा घेण्यापूर्वी सातबारा पाहावा, आराखड्यातील रंग पाहावा आणि संरक्षण खात्याची हद्द विचारावी. नोटरीच्या कागदाला खरेदीखत समजू नये.

आणखी एक गोष्ट नवदीक्षितांना मुद्दाम सांगावयाची आहे. २०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही आणि २०२७ साठी ती जाहीर झाली आहे. गणतीस येणाऱ्यास आपला धर्म बौद्ध म्हणून ठामपणे सांगा आणि आपली अनुसूचित जातही नोंदवून घ्या. धर्म बदलला म्हणून १९५६ पासून १९९० पर्यंत आपल्या समाजाला केंद्राच्या सवलतींपासून दूर ठेवण्यात आले होते. १९९० च्या दुरुस्तीने तो अन्याय दूर झाला. गणतीत एक रकाना कोरा राहिला तर वस्तीचा आकडा कमी होतो. आकडा कमी झाला की शाळेची खोली कमी होते, नळ कमी होतो आणि आराखड्यातील आपला ठिपका पुसला जातो.

दर वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला जनसागर लोटतो. श्रद्धेने जा, मुलाबाळांना घेऊन जा, मूर्तीपुढे नतमस्तक व्हा. पण परत फिरताना आजूबाजूच्या वस्त्यांकडे एकदा डोळे उघडून पाहा. ज्या कामगारांमध्ये बाबासाहेबांनी बुद्ध आणून ठेवला, त्यांच्या नातवंडांच्या डोक्यावरचे छप्पर अजून कायद्याने त्यांचे नाही. सणाच्या दिवशी जमणाऱ्या गर्दीपैकी शंभरातला एक माणूस जरी पुढच्या कामाच्या दिवशी नगररचना कार्यालयाच्या खिडकीपुढे हरकत घेऊन उभा राहिला, तरी आराखडा करणाऱ्याला पेन्सिल खाली ठेवून विचार करावा लागेल. ती रांग लावण्यासाठी संघटना हवी, संघटनेसाठी शिक्षण हवे आणि दोन्हींसाठी संघर्षाची तयारी हवी. हे तिन्ही शब्द आपल्याला नवे नाहीत. ते अमलात आणणे तेवढे बाकी आहे.